विश्वास पानिपतात गेला

मराठी माणसाजवळ विश्वासाचा विषय काढला की ‘विश्वास तर पानिपतात गेला’ हे उत्तर ठरलेले असते, आणि ते एकदा दिले की विषय संपला असे उभयपक्षी मानले जाते. उत्तरातला इतिहास बरोबर आहे, कारण नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर खरोखरच पडले. परंतु आजच्या कार्यालयांतील वरिष्ठ आणि कर्मचारी यांच्या परस्परविश्वासाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला विश्वासराव कसे गेले यापेक्षा ते गेल्याची बातमी वरपर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि माळव्यात भेलशाच्या आसपास त्यांचा मुक्काम होता. तेथे त्यांच्या हाती जे पत्र पडल्याचे परंपरा सांगते, ते त्यांच्या सरदाराचे नव्हते आणि वकिलाचेही नव्हते. एका सावकाराने दुसऱ्या सावकाराला धाडलेले ते व्यापारी पत्र होते, आणि त्यात मोती, मोहरा व खुर्दा यांच्या नुकसानीच्या भाषेत सगळा पराभव सांगितलेला होता. गळालेले दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि ज्याची गणतीच करता आली नाही तो खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत हे पत्र का घेतले जात नाही हे एक कोडेच आहे, कारण कार्यालयीन संवादाची बहुतेक लक्षणे त्यात एकत्र आलेली आहेत: प्रमुखाला आपल्याच संस्थेची वाईट बातमी परक्याच्या टपालातून कळते, कळते तेव्हा ती जडजवाहिरांच्या शब्दांत गुंडाळलेली असते, आणि खुर्द्याची मोजदाद कोणीच ठेवलेली नसते.

कार्यालयातील संवादाचे अभ्यासक दोन प्रवाह मानतात. आदेश, परिपत्रके आणि शुभेच्छा वरून खाली येतात, तो अधोगामी संवाद; अहवाल, अडचणी आणि रजेचे अर्ज खालून वर जातात, तो ऊर्ध्वगामी संवाद. अधोगामी संवादातील धोक्याची मराठी समाजाला चांगली ओळख आहे, कारण १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला याची दंतकथा प्रत्येक मुलाने शाळेच्या वयात ऐकलेली असते. इतिहासकार या दंतकथेकडे संशयाने पाहतात, पण तिचे तात्पर्य मात्र कार्यालयांनी मनावर घेतले आहे, आणि म्हणूनच वरून येणारा प्रत्येक आदेश आज ईमेलने येतो, त्याची पोच मागवली जाते, आणि तो वाचला गेला की नाही हेही यंत्र कळवते. ऊर्ध्वगामी संवादाच्या बाबतीत अशी कोणतीही दक्षता घेतली गेलेली नाही. खाली येणाऱ्या आदेशात एका अक्षराचा फरक पडला तर माणूस जिवाला मुकतो. वर जाणाऱ्या बातमीत सगळीच अक्षरे बदलली तरी बदलणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता असते.

ही अक्षरे कशी बदलतात याचे निरीक्षण करण्यासाठी हिंजवडीसारखी जागा नाही. सॉफ्टवेअर उद्योगात प्रत्येक प्रकल्पाची प्रकृती दर आठवड्याला तांबडा, पिवळा किंवा हिरवा अशा एका रंगात कळवण्याची पद्धत आहे. तांबडा म्हणजे प्रकल्प संकटात, पिवळा म्हणजे लक्ष द्यावे असा, आणि हिरवा म्हणजे सुखरूप. प्रत्यक्ष प्रणाली लिहिणारी मुलगी सोमवारी आपल्या टीम लीडला सांगते की ग्राहकाच्या बँकेशी होणारी जोडणी चालत नाही आणि ती या महिन्यात चालेल असे वाटत नाही. टीम लीड हा सज्जन गृहस्थ असतो, त्याच्यावर वाकडला घेतलेल्या सदनिकेचा हप्ता असतो, आणि म्हणून तो आपल्या वरिष्ठाला जोडणीच्या कामात काही आव्हाने आहेत असे कळवतो. हा वरिष्ठ आव्हाने हा शब्द उत्साहवर्धक मानणाऱ्या पिढीतला असल्यामुळे त्याच्या अहवालात पथक आव्हानांना सामोरे जात असल्याचा उल्लेख येतो, आणि त्याच्याही वरच्या पायरीवर फक्त रंग पाहिला जात असल्यामुळे बुधवारपर्यंत प्रकल्प हिरवा झालेला असतो. अशा प्रकल्पाला या धंद्यातले लोक ‘कलिंगड’ म्हणतात, म्हणजे बाहेरून हिरवे आणि आतून लाल; आणि हे नाव प्रकल्पाशी संबंधित सर्वांना माहीत असते, ज्याने ते कापायचे त्या एका माणसाला सोडून. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या साखळीत कोणीही खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने आपल्याला मिळालेले सत्य एक पायरी सौम्य केले, आणि सौम्य करणे हा तर मध्यमवर्गीय संस्काराचा भाग आहे.

या सौम्यीकरणाचे अंकगणित एकदा, फार मोठी किंमत मोजून, उघड झाले. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत कडक होतात आणि म्हणून उड्डाण पुढे ढकलावे, असे ती रॉकेटे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्याच संध्याकाळी दूरध्वनीवरील बैठकीत सांगितले होते. त्यांच्याच व्यवस्थापकांनी नंतर ते मत फिरवले. चौकशी आयोगात असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी पुढे यान नष्ट होण्याची शक्यता किती मानली जात होती याची विचारपूस केली, तेव्हा काम करणारे अभियंते साधारण शंभरात एक असा आकडा सांगत होते आणि वरचे व्यवस्थापन एक लाखात एक असा. लाखात एक याचा अर्थ असा की दररोज एक यान सोडले तरी सुमारे तीनशे वर्षांत एकच अपघात व्हावा. एकाच संस्थेच्या इमारतीत, काही जिने चढून जाताना, धोका हजारपटीने कमी झाला होता. हिंजवडीतील सोमवार ते बुधवार या प्रवासाचे हेच शास्त्रीय मोजमाप आहे, फक्त तेथे सुदैवाने कोणी अवकाशात जात नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या प्रवृत्तीला नाव देऊन ठेवले आहे. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर या दोघांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना दुसऱ्यासाठी आलेला दूरध्वनीवरचा निरोप पोहोचवायचा होता. निरोप आनंदाचा असेल तर तो तपशिलासह पोहोचे, दुःखाचा असेल तर ‘घरी फोन करायला सांगितलंय’ एवढ्यावर भागवण्याकडे कल असे. अप्रिय वार्ता तोंडातल्या तोंडात ठेवण्याच्या या वृत्तीला ‘मम परिणाम’ म्हणतात, आणि मराठीत त्याला मौनपरिणाम म्हणण्यास हरकत नसावी. अर्थात भारतीय वाचकाला यात नवल वाटत नाही, कारण अकबराच्या पोपटाची गोष्ट त्याला ठाऊक असते: जो कोणी पोपट मेल्याचे सांगेल त्याचे डोके उडवले जाईल असा हुकूम असल्यामुळे पोपट चोच वासून, पाय ताणून, आकाशाकडे पाहत ध्यानस्थ पडला आहे असे बिरबल सांगतो, आणि मग ‘मेला म्हण की सरळ!’ असे बादशहाच्याच तोंडून वदवून घेतो. या गोष्टीतून पिढ्यान्‌पिढ्या बिरबलाचे चातुर्य शिकवले गेले. तो हुकूम नंतर मागे घेतला गेला का, हे मात्र गोष्टीत कोठेही येत नाही आणि ते विचारावे असे कोणत्याही गुरुजींना वाटलेले दिसत नाही.

आधुनिक कार्यालयाने नेमकी तीच चूक पुढे चालवली आहे, आणि विश्वासाच्या प्रश्नावर आजवर झालेला बहुतेक खर्च बिरबल घडवण्यावर झालेला आहे. कर्मचारी स्पष्ट बोलत नाहीत असे आढळले की मनुष्यबळ विभाग, म्हणजे पूर्वीचा आस्थापना विभाग, त्यांना संवादकौशल्याच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिराला लोणावळ्याला नेतो. तेथे इतर खेळांबरोबर एक खेळ हमखास असतो, ज्यात एकाने डोळे मिटून, हात छातीशी घेऊन, मागच्या मागे कोसळायचे आणि सहकाऱ्यांनी त्याला झेलायचे. झेलणाऱ्यांत लेखा विभागातील ते गृहस्थही असतात, ज्यांनी मागच्या महिन्यात पडणाऱ्याचे रिक्षाभाड्याचे बिल पावतीवरील शाई पुसट असल्याच्या कारणाने परत पाठवलेले असते; तरीही माणूस पडतो आणि तरीही ते झेलतात, यावरून मनुष्यस्वभाव मुळात चांगला असल्याचे सिद्ध होते. सोमवारी कार्यालय उघडते तेव्हा ते बिल त्याच टेबलावर त्याच कारणासाठी पडलेले असते. शंभर किलोचे शरीर ज्याच्या हाती निर्धास्तपणे सोपवले, त्याच्या हाती एकशेऐंशी रुपये सोपवण्याची सोय नियमांत नाही.

वरून खाली ठेवल्या जाणाऱ्या अविश्वासाचा अभ्यास मात्र खासगी कंपन्यांत करण्यात अर्थ नाही; त्याचे अभिजात स्वरूप सरकारी कार्यालयात पाहावे. गोपनीय अहवाल ही तेथील मध्यवर्ती संस्था आहे. कर्मचाऱ्याचा निकटचा वरिष्ठ, ज्याला प्रतिवेदन अधिकारी म्हणतात, तो वर्षातून एकदा त्याच्याविषयी आपले मत लिहितो. त्याच्यावरचा, म्हणजे पुनर्विलोकन अधिकारी, त्यावर आपला शेरा मारतो. आणि मग ज्याच्याविषयी हे सर्व लिहिले तो सोडून बाकी आवश्यक त्या सर्वांच्या उपयोगासाठी ते पूर्वी कपाटात बंद होई. पूर्वीचा नियम असा होता की शेरा प्रतिकूल असेल तरच तो संबंधिताला कळवावा. यामागील विचार उदात्त होता, की माणसाला त्याचा दोष कळावा म्हणजे तो सुधारेल, आणि गुण कळू नयेत म्हणजे तो बिघडणार नाही. परिणामी तीस-तीस वर्षे एकत्र नोकरी केलेल्या साहेबांचे आपल्याविषयी नेमके काय मत होते, हे कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या निरोप समारंभात प्रथम कळे, आणि तेथे तर नारळ व शाल देताना सर्वांविषयीच एकसारखे मत व्यक्त करण्याची प्रथा आहे.

या व्यवस्थेतील विनोद ओळखण्याचा मान अखेर सर्वोच्च न्यायालयाकडे जातो. देव दत्त विरुद्ध भारतीय संघराज्य या खटल्यातील अपीलकर्ते सीमा रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते, आणि अधीक्षक अभियंता या पदावरील बढतीसाठी लागोपाठ पाच वर्षांचे अहवाल ‘अति चांगला’ असणे आवश्यक होते. त्यांना १९९३-९४ या एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. चांगला हा शेरा प्रतिकूल नव्हे, म्हणून तो त्यांना कळवला गेला नाही; आणि चांगला हा शेरा अति चांगला नव्हे, म्हणून त्यांची बढती गेली. माणसाविषयी कोणी एकही वाईट शब्द लिहिलेला नसताना, आणि केवळ त्यामुळेच त्याला काहीही न सांगता, त्याचे नुकसान करण्याची ही पद्धत इतकी निर्दोष होती की तिच्यात बोट ठेवण्याजोगी व्यक्तीच सापडत नव्हती. न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निर्णय दिला की शेऱ्याचे नाव काय आहे यापेक्षा त्याचा परिणाम काय होतो हे पाहावे, ज्या ‘चांगला’मुळे बढती हुकते तो परिणामतः प्रतिकूलच होय, आणि म्हणून अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती बरी असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवली गेलीच पाहिजे. पुढील वर्षी केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांचा संपूर्ण अहवाल त्यांना दाखवण्याचा आदेश काढला, त्यावर म्हणणे मांडण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली, आणि अहवालाच्या नावातून ‘गोपनीय’ हा शब्दही गेला.

पारदर्शकतेचा हा विजय होता यात शंका नाही. पण साहेब हाही शेवटी माणूसच असतो, आणि आपण लिहिलेले उद्या समोरच्या टेबलावरचा माणूस वाचणार हे कळल्यावर मौनपरिणाम त्यालाही लागू होतो. ज्याच्याविषयी पूर्वी कपाटाच्या भरवशावर ‘कामात चालढकल करतो’ असे लिहिता येत असे, त्याच्याविषयी आता ‘काम शांतपणे हाताळतो’ असे लिहावे लागते. कारण प्रतिकूल लिहिले तर निवेदन येणार, निवेदनावर खुलासा द्यावा लागणार, आणि खुलासा तयार करण्याचे काम कार्यालयात ज्याला जमते तो नेमका तोच कर्मचारी असतो. अशा रीतीने जेथे सर्व काही दडलेले होते तेथे आता सर्व काही गोड झाले, आणि ‘अति चांगला’ हा शेरा एवढा सार्वत्रिक झाला की त्यातून माणूस निवडण्यासाठी साहेबांना पुन्हा शिपायालाच विचारण्याची वेळ आली. येथे शिपायाविषयी स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल. ‘साहेबांचा मूड कसा आहे?’ हा प्रश्न दारावरच विचारून मगच फाइल आत न्यायची की नाही हे ठरवणाऱ्या शेकडो कर्मचाऱ्यांचा ज्या एका माणसावर पूर्ण विश्वास असतो, आणि ‘बाहेर काय चाललंय रे?’ हे ज्याला साहेबही विचारतात, तो संपूर्ण कार्यालयातील एकमेव द्विमार्गी संवादक होय. आणि म्हणूनच बहुधा त्याची पदे भरणे बंद झाले आहे.

खासगी कंपन्यांनी गोपनीय अहवालाला हसत हसत त्याहून शास्त्रीय उपाय स्वीकारला, तो घंटाकृती वक्राचा. ज्या वक्राचा उपयोग गाउस या जर्मन गणितज्ञाने ग्रहगोलांच्या मोजमापांत होणाऱ्या चुकांसाठी केला, त्याच वक्रावर कर्मचारी बसवायचे, म्हणजे थोडे उत्तम, पुष्कळ मध्यम आणि थोडे टाकाऊ निघतीलच, अशी ही श्रद्धा आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि तळाचे दहा अशी विभागणी जगभर प्रसिद्ध केली. हा नियम लाखो निरीक्षणांना लागू पडतो, सात जणांच्या पथकाला तो लागू केला तर सातांचे दहा टक्के म्हणजे एका माणसाचा साधारण कमरेपर्यंतचा भाग निघतो, ही शंका कोणी काढली नाही. वार्षिक मूल्यमापनाची बैठक हा त्यामुळे एक वेगळाच वाङ्मयप्रकार झाला. व्यवस्थापकाला आकडा आधीच वरून आलेला असतो, कर्मचाऱ्याला तो आलेला आहे हे चहाच्या टपरीवर कळलेले असते, आणि तरीही दोघे पाऊण तास एकमेकांसमोर बसून तो आकडा जणू आत्ताच, या चर्चेतून, हळूहळू निष्पन्न होत असल्याचे नाटक पार पाडतात. ‘तुझं काम उत्तमच आहे रे, त्यात प्रश्नच नाही,’ असे व्यवस्थापक म्हणतो, आणि अनुभवी कर्मचारी ‘पण’ येण्याच्या आत पगारवाढीची आशा सोडून देतो. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली, त्यानंतर इतरही कित्येकांनी ती सोडल्याचे जाहीर केले. अर्थसंकल्प मात्र ठरलेलाच असल्यामुळे घंटा काढून टाकली तरी तिचा आकार पगारवाढीच्या पत्रांत दिसत राहिला.

खालून वर बोलण्याची सोय म्हणून कंपन्यांनी निनावी सर्वेक्षण आणले. त्याच्या पहिल्या ओळीत आपली उत्तरे पूर्णतः गोपनीय राहतील असे आश्वासन असते, दुसऱ्या ओळीपासून विभाग, शहर, लिंग, वयोगट आणि सेवेची वर्षे विचारली जातात, आणि पुणे कार्यालयाच्या चाचणी विभागात सोळा वर्षे काढलेली पन्नाशीची बाई एकच असल्यामुळे ती बिचारी सर्व प्रश्नांना पाचपैकी चार गुण देऊन मोकळी होते. ज्यांनी सर्वेक्षण भरलेले नाही त्यांना चौथ्या दिवशी ‘आपण अद्याप सर्वेक्षण भरलेले नाही’ असे नावानिशी स्मरणपत्र येते, आणि निनावीपणावरील उरलासुरला विश्वास तेथे निकालात निघतो. मग निष्कर्ष असा जाहीर होतो की ८४ टक्के कर्मचाऱ्यांचा नेतृत्वावर विश्वास आहे. हा आकडा येथे नमुन्यादाखल घेतला आहे, पण तो कोणत्याही कंपनीने आपला म्हणून वापरण्यास हरकत नाही. वापरात असलेले आकडे त्याच्या फारसे दूर नसतात.

खरा ऊर्ध्वगामी आणि अधोगामी संवाद ज्याला म्हणता येईल तो व्हॉट्सॲपवर चालतो, आणि तेथे प्रत्येक विभागाचे दोन गट असतात: साहेब असलेला आणि साहेब नसलेला. पहिल्या गटात सुप्रभात, वाढदिवस आणि जोडलेले हात यांची देवाणघेवाण होते. दुसऱ्यात कार्यालय चालते. या दोन गटांतील अंतर मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्या इंचाचे असते, आणि दुसऱ्या गटासाठी लिहिलेला मजकूर पहिल्यात पडल्यावर माणसाच्या पोटात जो खड्डा पडतो त्याला मानसशास्त्रात अद्याप नाव मिळालेले नाही. पाठवलेला संदेश सर्वांच्या मोबाइलवरून पुसण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१७ च्या अखेरीस दिली तेव्हा त्यासाठी सात मिनिटांची मुदत होती. पुढे ती वाढत वाढत दोन दिवसांहून अधिक झाली. एवढ्या काळात कार्यालयातील संबंध किती बदलले असतील याचा अंदाज या एका तांत्रिक सुधारणेवरून बांधता येतो. शिवाय पुसल्यावर तेथे ‘हा संदेश हटवण्यात आला आहे’ अशी ओळ राहते, आणि ती वाचून साहेबांना जेवढे कळते तेवढे मूळ संदेशाने खचितच कळले नसते.

‘टाऊन हॉल’ नावाच्या सभेविषयी थोडक्यात सांगून पुढे जाणे इष्ट. सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र जमवून प्रमुखाने पंचावन्न मिनिटे बोलायचे आणि ‘आता तुम्ही मोकळेपणाने विचारा’ असे म्हणून पाच मिनिटे शांततेत काढायची, असे तिचे स्वरूप असते. ती शांतता असह्य झाली की कोणीतरी कॅन्टीनविषयी विचारतो, आणि कॅन्टीनच्या पोह्यांवर प्रमुख ज्या तळमळीने उत्तर देतो ती पाहून सर्वांना त्याच्याविषयी ममत्व वाटू लागते. जो खरा प्रश्न विचारतो त्याला प्रश्न फार चांगला असल्याचे सांगून त्यावर स्वतंत्रपणे बोलण्याचे वचन मिळते. स्पष्ट संवादाचा आग्रह धरणाऱ्यांनी येथे न्यूयॉर्कच्या ‘बेटर डॉट कॉम’ या गृहकर्ज कंपनीचे उदाहरण लक्षात ठेवावे, जिच्या प्रमुखाने डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ९०० जणांना एका झूम कॉलवर बोलावून, जे या कॉलवर आहेत त्यांची नोकरी संपली, असे काही मिनिटांत सांगून टाकले. संदिग्धता नव्हती, सौम्यीकरण नव्हते, आणि तरीही विश्वास वाढल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा दोष गोड बोलण्यात आहे असे मानणाऱ्यांनाही सावधच राहिले पाहिजे.

दोष हुकुमात आहे. वाईट बातमी आणणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय होते, यावर कार्यालयातील विश्वास ठरतो; त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलले गेले यावर तो फारसा अवलंबून नसतो. याचा पुरावा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील मोटार कारखान्याने दिला. जनरल मोटर्सचा हा कारखाना गैरहजेरी आणि भांडणे यांसाठी कुप्रसिद्ध होता. तेथे जुळणीची साखळी कोणत्याही कारणाने थांबवायची नाही असा दंडक होता, त्यामुळे सदोष गाडीही पुढे सरकत जाई आणि शेवटी आवारात उभी राहून दुरुस्त होई. १९८२ मध्ये तो बंद पडला, आणि १९८४ मध्ये जनरल मोटर्स व टोयोटा यांनी भागीदारीत तो पुन्हा सुरू केला तेव्हा कामगार बव्हंशी तेच जुने होते. टोयोटाने त्यांच्या डोक्यावर एक दोरी बांधली. तिला ‘आंदोन’ दोरी म्हणतात. कोणत्याही कामगाराला दोष दिसला की त्याने ती ओढायची, म्हणजे दिवा लागतो, सूर वाजतो, गटप्रमुख धावत येतो, आणि प्रश्न वेळेत सुटला नाही तर संपूर्ण साखळी थांबते. थांबलेल्या साखळीचे प्रत्येक मिनिट महाग असते, आणि ते खर्च करण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाला दिलेला असतो. एवढेच नव्हे, तर दोरी ओढल्याबद्दल गटप्रमुखाने त्याचे आभार मानायचे असतात. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून उत्तम गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि त्यासाठी कोणालाही डोळे मिटून मागे पडावे लागले नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनाही १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना असाच धक्का बसला. चांगल्या पथकांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. मग उलगडा असा झाला की चांगल्या पथकांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. चूक सांगितल्यास आपला पाणउतारा होणार नाही या भरवशाला त्यांच्या लेखनामुळे ‘मानसिक सुरक्षितता’ हे नाव रूढ झाले. या निष्कर्षाचा हिंजवडीतील अर्थ भयंकर आहे, कारण त्यानुसार ज्या विभागाचा फलक बारमाही हिरवा असतो त्या विभागाच्या प्रमुखाला पारितोषिक देण्याऐवजी त्याच्याकडे काळजीने पाहावे लागेल.

अशी दोरी आपल्याकडेही बांधावी, असा विचार एखाद्या उत्साही वरिष्ठाच्या मनात येणे अशक्य नाही, आणि तो आल्यास पुढील घटनाक्रम कोणत्याही अनुभवी लिपिकाला पाठ असतो. प्रथम दोरीची जाडी व रंग ठरवण्यासाठी समिती नेमली जाते. दोरीचा तीन दरपत्रके मागवून पुरवठा होतो. हाती येणारी दोरी मागवलेल्या लांबीपेक्षा आखूड असते, म्हणून ती छताजवळच बांधली जाते, आणि स्टूल स्वतंत्र मागणीपत्राने मागवले जाते. त्यानंतर परिपत्रक निघते. त्यात दोरी हा कर्मचाऱ्यांवरील प्रशासनाच्या पूर्ण विश्वासाचा आविष्कार असल्याचे प्रस्तावनेत नमूद करून पुढे अशा सूचना दिलेल्या असतात, की दोरी ओढण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी पूर्वमान्यता घ्यावी; प्राधिकारी दौऱ्यावर असल्यास ते परत येईपर्यंत दोष आहे त्या स्थितीत जतन करावा; ज्या दोषाबाबत दोरी ओढावयाची तो दोष स्वतः प्राधिकाऱ्याशी संबंधित असल्यास प्रस्ताव त्यांच्यामार्फतच सादर करावा; आणि पूर्वमान्यतेशिवाय दोरी ओढली गेल्यास ओढणाऱ्याने आपला खुलासा तीन दिवसांत, तीन प्रतींत, द्यावा. परिपत्रकाच्या प्रती माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सर्व शाखांना जातात, एक सूचनाफलकाला, एक दोरी ज्यांच्या टेबलावर बांधली त्यांना, आणि शेवटची, नेहमीप्रमाणे, निवड नस्तीला.